दादांचं लिव्हर आणि गच्चीवरचं शेवाळ

आमच्या घरात समुद्राचा वास पहिल्यांदा आला त्या दिवशी आईनं आधी मोरी धुतली. मग माठातलं पाणी हुंगून पाहिलं. तरी वास जाईना, तेव्हा भिंतीपलीकडच्या खालांना हाक मारून विचारलं, "तुमच्याकडं मासळी शिजून राह्यली का वं?"

खाला म्हणाल्या, "न्हाई माय, आज दाल हाय आमच्याकडं. मला बी वास येऊन राह्यला. मला वाटलं तुमच्याकडूनच."

मी तेव्हा जिन्यात उभी होते. पहाटेच घरी पोचले होते आणि कोणी उठायच्या आत पोती गच्चीवर चढवली होती. आईला सांगावंच लागलं. ती वर आली, पदर नाकाला लावून पोत्याचं तोंड उघडलं, आणि आत बघत राहिली. आत तपकिरी, ओलसर, पानापानांचं काहीतरी होतं. पानांच्या बेचक्यांत बारीक मण्यांसारखे फुगे.

"हे झाड हाय का जनावर?"

"झाडच समज."

"समज न्हाई, नीट सांग. ह्याच हातानं मला दादांचं ताट वाढायचंय."

वडलांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, आईसुद्धा. दादा शुद्ध शाकाहारी. मी सांगितलं, हे समुद्रातलं शेवाळ आहे, उन्हावर वाढतं, बिलकुल शाकाहारी आहे. आईनं एक फुगा दोन बोटांत धरून फोडला. टक् असा आवाज झाला. तिनं दुसरा फोडला. मग पोत्याजवळच बसली आणि थोडा वेळ नुसती फुगेच फोडत राहिली.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात होते. कॉलेज औरंगाबादला, घर जुन्या जालन्यात, रोज गाडीनं जाऊन-येऊन. आमच्या मॅडमनी मला विषय दिला होता तो मी घरी कधी नीट सांगितलाच नव्हता, कारण सांगितला तरी कोणाला खरा वाटला नसता. तपकिरी समुद्रशेवाळात काही द्रव्यं असतात, त्यांतलं एक फ्युकॉइडन. चरबी साठून खराब होणाऱ्या यकृताला, म्हणजे लिव्हरला, ते द्रव्य सांभाळून घेतं का, हे उंदरांवर तपासायचं. समुद्रापासून इतक्या दूर, ज्वारी-कापसाच्या मुलखात बसून मी हे करणार होते.

लहानपणी, पंच्याऐंशी-शहाऐंशी साली, समुद्र म्हणजे मला दादांच्या दुकानातलं निळं पॉपलीन वाटायचं. दादा मूळचे पिंपळगाव रेणुकाईकडचे. शेती भावावर सोपवून ते शहरात आले आणि त्यांनी कापडाचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकासमोर ते ताग्याला असा काही झटका द्यायचे, की कापड हवेत उठायचं, फुगायचं आणि हळूहळू गादीवर उतरायचं. मी कोपऱ्यातल्या गठ्ठ्यावर पेंगत असायचे. अर्धवट झोपेत ते निळं कापड अंगावर येतंय आणि मी खाली खाली चाललेय असं वाटायचं, आणि भीती अजिबात वाटायची नाही.

खरा समुद्र मी पाहिला तो शेवाळ गोळा करायला गेले तेव्हा, रत्नागिरीच्या बाजूला. अमावास्येच्या आसपास मोठी ओहोटी लागते म्हणून मॅडमनी दिवस धरून आम्हाला नेलं होतं. पाणी दूर गेलं होतं आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडले होते. साचलेल्या पाण्यात ते शेवाळ डुलत होतं, वारा नसताना. मी हात घातला तेव्हा ते बोटांभोवती गुंडाळलं आणि सुटलं. मैत्रीण हाका मारत होती, पाणी परत चढायला लागलंय म्हणून. मला त्या हाका फार लांबून येत असल्यासारख्या वाटत होत्या.

कॉलेजात वाळवायला सावलीची मोकळी जागा नव्हती, म्हणून ते आमच्या गच्चीवर आलं. दोऱ्या बांधून वर दादांच्या दुकानातलं जुनं मांजरपाट ताणलं आणि त्याच्या सावलीत चादरींवर मी शेवाळ पसरलं. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. दुपारी वारा सुटला की तो खारट वास जिना उतरून स्वैपाकघरात यायचा, माजघरात यायचा, अंथरुणात शिरायचा. आई म्हणायची, झोपेतसुद्धा तिला पाण्याचा आवाज येतो. तिनं समुद्र कधी पाहिलेला नव्हता. मी विचारलं, "कसा आवाज?" ती म्हणाली, "कुणीतरी सुपानं पाखडून राह्यलंय असा."

तो रमजानचा महिना होता. खालांनी एका संध्याकाळी चायना ग्रासचं पुडिंग पाठवलं, दुधात घट्ट झालेलं, थंडगार, वर बदामाचे काप. मी वाटी परत द्यायला गेले तेव्हा सांगितलं, की खाला, ही चायना ग्रास पण समुद्राच्या शेवाळातूनच निघते. खालांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! मंग आम्ही पिढ्यान्‌पिढ्या समुंदर खाऊन राह्यलो आन आम्हालाच पता न्हाई!" त्यानंतर गच्चीवरच्या वासाबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. उलट कोणी नाक मुरडलं तर त्याच त्याला समजावून सांगायच्या.

दादांचं दुखणं त्याच हिवाळ्यात निघालं. विषय आधी आला, दुखणं नंतर. मी विषय दादांसाठी घेतला असं नातेवाईक अजून सांगतात, ते खरं नाही.

त्यांना उजव्या बरगडीखाली जड वाटायचं. दुपारी गादीवर बसल्या बसल्या डोळा लागायचा. डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली. मी सोबत गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी पडद्याकडे बघत सहज विचारलं, "घेता का?"

दादांना आधी कळलंच नाही. "काय?"

"दारू. लिव्हरवर चरबी दिसतेय. फॅटी लिव्हर."

दादांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. तंबाखू नाही, विडी नाही. जांब समर्थला दर वर्षी दर्शनाला जाणारा, पहाटे उठून अंघोळ करणारा माणूस. ते उठून बसले, सदऱ्याची बटणं लावायला लागले आणि एक बटण चुकीच्या काजात गेलं. "न्हाई," एवढंच म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "न घेणाऱ्यांनाही होतं आजकाल. बैठं काम, गोड, तेलकट." पण ते बहुतेक दादांच्या कानापर्यंत गेलंच नाही. पहिला प्रश्नच त्यांच्या कानात बसला होता.

घरी आईला सांगितलं तेव्हा तिनं लिव्हरचं आपल्या भाषेत काळीज केलं. "काळजावर चरबी? जो माणूस दिवसभर काळजी करून राह्यला, त्याच्या काळजावर चरबी कुठून चढंल?"

तपासणीच्या रांगेत आमच्या बाजारपेठेतलं कोणीतरी होतं. दोन-तीन दिवसांत बातमी पेठेत पोचली, आणि पेठेत लिव्हर म्हणजे एकच गोष्ट. दादांच्या शेजारी एका धान्याच्या व्यापाऱ्याचं दुकान होतं. दोघांची दोस्ती जुनी. चहाच्या वेळी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "शेठ, इतकी वर्षं बाजूला बसून राह्यलो, आम्हाला कधी वास लागू दिला न्हाई तुम्ही!" सगळे हसले. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण दादा हसले नाहीत. संध्याकाळी दुकान बंद करून दोस्तांबरोबर ओट्यावर बसायची त्यांची सवय होती, ती त्या दिवसापासून सुटली. दुकान बंद करायचे आणि खाली मान घालून सरळ घरी यायचे.

एकदा जेवताना त्यांनी आईला विचारलं, "तुला तरी खरं वाटतं ना?"

आई पोळी लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही. "तुमच्या तोंडाला वास येतो तो चहाचा. दुसरा कसला असता तर मी काय आजच्या दिवसाची वाट पाहिली असती?"

दादा जेवले, पण त्यांचं समाधान झालं नाही. ते गच्चीवर जाऊन बसायला लागले, मांजरपाटाच्या सावलीत, वाळणाऱ्या शेवाळाशेजारी. शेवाळ आता काळपट, कुरकुरीत झालं होतं. त्यावर मिठाची पांढरी बुरशीसारखी साय धरली होती. दादा एखादी काडी उचलून चाटायचे आणि खाली ठेवायचे. मला म्हणाले, "बाई, हिथं बसलं की झोप लई गोड लागती. सपनात काय दिसतं सांगू? मी पाण्याच्या खाली चालून राह्यलो. कपडे कोरडेच. आन आजूबाजूला हे सगळं उभं, पिकावाणी. कुणी वळखीचं न्हाई तिथं."

'कुणी वळखीचं न्हाई' हे ते इतक्या सुखानं म्हणाले, की मला रडू आलं.

पुढचे महिने माझे प्रयोगशाळेत गेले. वाळलेलं शेवाळ दळायचं, गरम पाण्यात उकळायचं, गाळायचं. मग त्या तपकिरी पाण्यात हळूहळू अल्कोहोल ओतायचं. ओतता ओतता त्या पाण्यात ढग तयार व्हायला लागतात, पांढुरके, तंतूतंतूंचे. ते खाली बसतात. तेच वाळवून आम्हाला हवं ते द्रव्य मिळायचं, चिमूटभर.

पांढरे, लाल डोळ्यांचे उंदीर आम्ही तीन गटांत ठेवले होते. एका गटाला साधं खाणं. दुसऱ्याला वनस्पती तूप घातलेलं खाणं आणि साखरेचं पाणी. तिसऱ्याला तेच तूप-साखर, पण सोबत शेवाळातलं द्रव्य. तूप-साखरेचे उंदीर गुबगुबीत झाले आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पडून राहायला लागले. मी खाणं द्यायला हात घातला की येऊन बोटं हुंगायचे. प्रयोग संपल्यावर त्यांना मारावं लागलं. त्या दिवशी मी घरी जेवले नाही. साध्या खाण्याच्या उंदराचं लिव्हर गडद, जांभळट तांबडं होतं. तूप-साखरेवाल्याचं फिकट, पिवळसर, लोण्यासारखं. त्याचा तुकडा औषधाच्या बरणीत टाकला तर तो तरंगत राहिला. तिसऱ्या गटाचं या दोन्हींच्या मधलं.

लिव्हरच्या पातळ चकत्या करून, रंगवून काचपट्ट्या तयार झाल्या, तेव्हा माझ्या मनात आलं, की दादांना दाखवाव्यात. मॅडमनी लगेच होकार दिला. दादा दुकान बंद ठेवून आले. ठेवणीतलं धोतर नेसून, डोक्याला टोपी. सूक्ष्मदर्शकाला डोळा कसा लावायचा ते मी शिकवलं. थोडा वेळ त्यांना काळोखच दिसला, मग एकदम म्हणाले, "अगं, हा तर कपडा हाय!"

ती साध्या उंदराची पट्टी होती. गुलाबी, घट्ट विणीची. मी दुसरी लावली.

ते आणखी वाकले. "ह्याला तर कसर लागून राह्यली." कसर म्हणजे लोकरी कापड खाणारी कीड. खरंच तसं दिसत होतं, गुलाबी विणीत जागोजाग पांढरी गोल भोकं.

मी म्हणाले, "दादा, ती चरबीची जागा. रंगवताना चरबी विरघळून जाते, भोक तेवढं उरतं. तुमच्या सोनोग्राफीत दिसलं ते असंच काहीतरी."

त्यांनी डोळा न काढता विचारलं, "ह्या उंदराला दारू पाजली होती का?"

"नाही. थेंबभरही नाही. तूप आणि साखरेचं पाणी."

"आन दिवसभर बसून राह्यचा?"

"हो. पिंजऱ्यात."

"गादीवर," दादा म्हणाले.

मग ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्यानं. प्रयोगशाळेतली मुलं वळून बघायला लागली. टोपी काढून त्यांनी डोळे पुसले. तिसरी पट्टी लावली तेव्हा त्यात भोकं होती, पण कमी आणि बारीक. ती त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिली.

दुसऱ्या रविवारी मी दुकानात डबा घेऊन गेले तर दादा ओट्यावर उभं राहून धान्याच्या व्यापाऱ्याला सांगत होते, "माझ्या डोळ्यानं पाह्यलं. माझ्या लेकीनं औरंगाबादला नेऊन दाखवलं. उंदीर! उंदीर दारू पितो का? सांग ना! तूप आन साखर, बस! तू जो दिवसातून दहादा चहा मागवतो ना, त्याच्यानं!"

व्यापारी आपल्या पोटाकडं बघत म्हणाला, "म्हंजे माझं बी तपासावं लागंल काय?"

"बराबर!" दादा म्हणाले. आयुष्यभर कापड कुरतडणाऱ्या उंदरांचा दुस्वास केलेला माणूस, त्या दिवशी उंदरांची साक्ष काढत होता. दोघं दुसऱ्या दिवसापासून पहाटे मोती तलावाच्या बाजूला चालायला जायला लागले. चहातली साखर आधी निम्मी झाली, मग गेली.

पण दादांच्या मनातून तिसरी पट्टी जाईना. एका संध्याकाळी त्यांनी विचारलंच, "मंग ते तिसऱ्या उंदराचं औषध मला देशील का?"

मी नाही म्हणाले. उंदराला मानवलं म्हणून माणसाला मानवेल असं नसतं, किती द्यायचं ते कोणाला माहीत नाही, त्यात आयोडीन असतं, समुद्रातलं आणखी काय काय असतं, नीट तपासल्याशिवाय द्यायचं नाही. दादांनी मान डोलावली. आई दाराशी गहू निवडत होती. ती काहीच बोलली नाही, आणि आई काही बोलत नाही तेव्हा लक्ष द्यायला हवं, हे मला तोवर कळायला हवं होतं.

काही आठवड्यांनी रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवत होतो. दादांच्या ताटात जवसाची चटणी होती, माझ्या ताटात शेंगदाण्याची. मी सहज त्यांच्या वाटीकडं हात नेला. आईनं माझा हात बाजूला केला. "ते त्यांचं पथ्याचं हाय."

मी तरी बोट बुडवलं. जवस, लसूण, तिखट, आणि त्याच्या मागून ओहोटीचा खडक.

"आई!"

"ओरडू नको. गच्चीवरचं उरलंसुरलं झाडून ठेवलं होतं, ते धुऊन, वाळवून, भाजून घातलंय. चिमूटभरच घालते."

"अगं, पण मी सांगितलं होतं ना—"

"तू सांगितलं होतंस," आई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चढला. "उंदराला देतीस. रोज इतक्या लांब जाऊन देतीस, निगुतीनं देतीस. आन बापाला न्हाई? उंदराला बरं वाटावं म्हणून माझ्या गच्चीवर तू समुद्र पसरलास, आन माझ्या माणसाला त्यातलं चिमूटभर न्हाई?"

माझ्याकडं पुस्तकातलं उत्तर होतं, पण ते तिच्यासमोर उच्चारता येईना. मी दादांकडं वळले. "दादा, तुम्हाला कळलं नाही?"

दादा शांतपणे भाकरी मोडत होते. "कळलं की. पहिल्याच घासाला. मी तर काडी चाटून पाह्यलेली."

"मग बोलला का नाहीत?"

"ती देऊन राह्यली," दादा म्हणाले, "म्हणून मी खाऊन राह्यलो."

आई उठून आत गेली. थोड्या वेळानं चटणीची बरणी आणून तिनं माझ्यासमोर ठेवली आणि पाठ फिरवून ताटं उचलायला लागली. मी दादांच्या रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या, थायरॉईडची सुद्धा. सगळं ठीक निघालं. बरणी मी रिकामी केली, पण तेवढ्या दिवसांत दादांनी किती खाल्लं, ते आईनं मला कधी सांगितलं नाही.

माझा प्रबंध झाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "याचा माणसाला उपयोग होईल?" मी म्हणाले, उंदरांमध्ये संरक्षण दिसलं, माणसाबद्दल अजून सांगता येत नाही. त्यांनी समाधानानं मान हलवली. मला मात्र आईचा चढलेला आवाज ऐकू येत होता.

वर्ष-दीड वर्षानं दादांची पुन्हा सोनोग्राफी केली. डॉक्टर दुसरे होते. त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं म्हणाले, "चरबी बरीच कमी आहे. काय केलंत ते चालू ठेवा." आम्ही तिघं ऑटोत बसलो. आई मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. हिवाळ्यातली दुपार होती, पिवळी, मऊ.

आई समोर बघत म्हणाली, "चटणी."

दादा म्हणाले, "चालणं. आन साखर सोडली ती."

"चालून राह्यले तर तुमचे दोस्त बी. त्यांचं पोट कुठं उतरलं?"

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "तुम्ही उंदीर असता तर सांगता आलं असतं."

आईला हसू फुटलं, तिनं पदरात लपवलं. ऑटो पेठेच्या तोंडाशी अडकला. पुढं हमाल पोती उतरवत होते, आणि धान्याची धूळ उन्हात तरंगत होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. सगळं एकदम लांब गेल्यासारखं झालं. हमालांच्या हाका, सायकलच्या घंट्या, कुठल्यातरी दुकानातला रेडिओ. काही वेळानं मी पाहिलं तर दादांना झोप लागली होती. त्यांचं डोकं कलत कलत आईच्या खांद्यावर आलं होतं, भर पेठेत, सगळे ओळखीचे लोक येत-जात असताना. आई संकोचली. तिनं इकडं तिकडं पाहिलं, टोपी घसरत होती ती एका हातानं सावरली आणि हात तिथंच ठेवला.

ड्रायव्हरनं मागं वळून विचारलं, "बाई, दुसऱ्या गल्लीतून काढू का? जल्दी पोचू."

"नको," आई म्हणाली. "राहू द्या. हिकडूनच जाऊ."